भोंग्याचं पडणं

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घ्या आणि ऐका. गोष्ट लहान आहे, पण घरी घेऊन जाण्याजोगी आहे.

फर्निचरच्या कारखान्यातला पॉलिशवाला घरी खाटेवर उताणा पडला होता. जांघेत टाके, खालून आधाराला घडी घातलेला टॉवेल, वर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. गाठ वाईट निघाली आणि डॉक्टरांनी तिच्यासकट एक वृषण काढून टाकलं. वेळेवर आलात म्हणून वाचलात, असं ते म्हणाले. सूज मात्र अजून पेरूएवढी होती. खोकला आला की तो पोटाशी उशी दाबून धरायचा. घट्ट आधाराच्या चड्डीशिवाय दोन पावलं टाकली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बायको बर्फ ठेवायची, थोड्या वेळानं आठवणीनं काढायची, आणि देवापुढे हात जोडून रोज एकच म्हणायची, तू नेलंस ते थोडं, ठेवलंस ते सगळं.

त्याला दुखण्याची भीती नव्हती. भीती होती भोंग्याची.

भोंगा म्हणजे त्याच कारखान्यातला सुतार. तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी कुणाच्या घरात भांडण झालं, तर दुपारच्या सुट्टीपर्यंत ते खिळ्यांनाही ठाऊक व्हायचं. बढाई मात्र त्याची एकच, उभ्या जन्मात आपण मोटारसायकलवरून पडलो नाही. माझ्यामागे पाण्याचा पेला घेऊन बसा, म्हणायचा, थेंब सांडला तर नाव बदलीन.

आणि घरी सोडलं त्या दिवशी इस्पितळाच्या दारात नेमका हाच पुढ्यात. भाच्याला बघायला आला होता. पॉलिशवाल्याचं फेंगडं चालणं त्यानं पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. नवरा डोळ्यांनी दटावत असताना बायकोनं भोळेपणानं सगळं सांगून टाकलं. भोंगा एक अक्षर बोलला नाही. तेच भयंकर होतं. भोंगा गप्प असतो तेव्हा तो पाठ करत असतो, असं कारखान्यात म्हणायचे.

कारखान्यात निरोप गेला होता तो नुसता बरं नाही एवढाच. आता काय काय गेलं असेल, या विचारानं पॉलिशवाल्याची झोप उडाली. सूज उतरत चालली तसा जीव आणखीच वर येऊ लागला.

"आता कुठल्या तोंडानं जाऊ मी कामावर?"

"ज्या तोंडानं जेवता, त्याच तोंडानं," बायको म्हणाली. तिनं डबा हातात दिला.

तो गेला. सूज पुरती उतरली नव्हती. ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि खुर्चीच्या पायांना पॉलिश तर उकिडवं बसूनच करायचं. हळूहळू, पाय फाकून, तो दारात पोचला. रंधे थांबले. एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि हशाचा डोंब उसळला. त्यानं चौकट घट्ट धरली. मागे वळावं, तर वळणंही जमेना.

तेवढ्यात गादीवाला पुढे आला. "ये बाबा, ये. भोंग्याच्या मागे बसलास आणि कंबर मोडून घेतलीस ना? पेल्याचं काय झालं रे भोंग्या?"

हशा पुन्हा उसळला. पण या खेपेला पॉलिशवाल्यानं पाहिलं, सगळ्यांचे डोळे भोंग्याकडे होते. भोंगा मान खाली घालून लाकूड घासत होता. त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं, की पॉलिशवाल्याला मागे बसवून निघालो आणि सरळ रस्त्यावर गाडी खड्ड्यात घातली. कोपऱ्यात एक नवं, कमरेएवढं उंच बाकडं उभं होतं. त्यावर खुर्ची आधीच चढवलेली. उभ्यानं पॉलिश करता यावं म्हणून. मी पाडला, आता त्याच्या खुर्च्या मीच चढवणार, मीच उतरवणार, असंही भोंग्यानं जाहीर करून टाकलेलं.

पॉलिशवाला त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "का रे?"

"तोंड मोठं आहे माझं," भोंगा रंधा न थांबवता म्हणाला. "म्हणून काय त्याला दार नाही?"

सूज गेली. टाक्यांची जागा नुसती रेघ राहिली. दर तपासणीला डॉक्टर हसून घरी पाठवत राहिले. भोंग्याचं पडणं मात्र कारखान्यात मुक्कामालाच आलं. तो किल्ली काढी, की कुणीतरी म्हणे, आम्ही चालतच जातो बाबा, आम्हाला लेकरंबाळं आहेत. भोंगा दात काढून हसायचा. पेल्याची बढाई त्यानं पुन्हा कधी मारली नाही.

मग भोंगा म्हातारा झाला आणि त्याच्या निरोपाचा दिवस आला. मालकांनी गुण गायले, आणि शेवटी गमतीनं म्हणाले, आमचे भोंगा जन्मात एकदाच पडले, पण काय पडले! सगळे हसले. भोंगाही हसला.

पॉलिशवाला उठला.

"हा कधीच पडला नाही," तो म्हणाला. "मला कॅन्सर झाला होता. माझं एक वृषण काढलं. तुम्ही मला हसू नये, म्हणून यानं तुम्हाला स्वतःवर हसवलं."

कुणी हसलं नाही. गादीवाला उठला, आणि त्यानं पाण्याचा भरलेला पेला भोंग्याच्या हातात दिला. चहूकडून सगळे भोंग्याकडे बघत राहिले, आता हा काय बोलतो म्हणून. त्या एवढ्या मोठ्या तोंडातून एक शब्द फुटेना. पेला मात्र हातात हिंदकळला, आणि पाणी सांडलं.

भोंगा आता नाही. घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याची आठवण काढा. आणि कुणी विचारलंच, तर सांगा, पेला सांडला खरा, पण माणूस उभ्या जन्मात पडला नाही.