पिन आणखी खाली

तिने वजनाच्या मशीनची पिन आणखी एक पट्टी खाली खोचली, तशा ट्रेनरबाईच्या भुवया वर गेल्या.

"ताई, कालच वजन वाढवलंय. पाठ धरेल."

"धरू दे. मला वेळ नाही."

तिने दांडा छातीशी ओढला. मशीनच्या लोखंडी पट्ट्या कण्हत वर आल्या. तीही कण्हली. तिच्या वयाच्या बायका इथे पोट उतरवायला येत. हिने आल्या दिवशीच विचारलं होतं, जड वस्तू जमिनीवरून कंबरेपर्यंत उचलायची तर कुठलं मशीन बरं. बारीक व्हायचं नाही, म्हणाली होती, आहे तीच ताकद पुरत नाही.

लक्ष मात्र सारखं काचेच्या दाराकडे. बाहेर पायरी वाजली की तिचा हात सुटायचा आणि पट्ट्या धाडकन आदळायच्या. व्यायामाचे बूट ती घरी कपडे धुण्याच्या मशीनमागे लपवायची. नवरा कामावरून यायच्या आत तोंड धुऊन, केस विंचरून, जणू दिवसभर घरातच होती अशी बसायची.

आज ओढताना बाही वर सरकली. दंडावर चार बोटं उमटलेली, काळीनिळी.

"न्हाणीघरात तोल गेला," ती घाईने म्हणाली.

असल्या न्हाणीघरांबद्दल ट्रेनरबाईने पुष्कळ ऐकलं होतं. ती जवळ बसली. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, कडी आतून लागते, कोणी काही विचारणार नाही, असं हळूच सांगितलं.

तिने बाही खाली ओढली. "त्यांना कळता कामा नये. एवढंच बघा."

तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारात तिचा नवरा उभा होता.

तिच्या हातून दांडा सुटला. ट्रेनरबाई उठून मध्ये उभी राहिली. तिच्या हातात डंबेल होतं, आणि ते व्यायामासाठी धरलेलं नव्हतं. तिने त्याला जागेवरच थांबायला सांगितलं.

तो थांबला नाही. भिंत धरत, एकेक मशीन ओलांडत आला.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली.

"कधी?"

तो वाकला, मशीनचा खांब पकडून सावकाश तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हात लहान मुलासारखे वर केले.

"माझे पाय जाणार, हे डॉक्टरांनी तुझ्याआधी मला सांगितलंय. न्हाणीघरात तोल गेला की तुझा दंड किती दिवस धरू? पाय चालताहेत तोवर रंगीत तालीम करून घेऊ. उचल."