एका स्क्रूवाचून

"हा नाही चालणार," दुकानदार म्हणाला. "या पॉवर सप्लायला ग्राफिक्स कार्डाची वायरच नाही."

बापाने लेकीकडे पाहिलं. लेक उघड्या कॅबिनेटमध्ये नजर लावून उभी होती.

हा चौथा रविवार. पहिल्या रविवारी प्रोसेसर बोर्डावर बसला नाही. दुसऱ्या रविवारी रॅम जुन्या पिढीची निघाली. तिसऱ्या रविवारी कार्ड कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब भरलं. दर वेळी दुकानदार पुढच्या रविवारी वस्तू बदलून द्यायचं कबूल करायचा, वर चहा पाजायचा, आणि बापलेक हात हलवत परत जायचे.

खरं तर तेरा वर्षांची ही मुलगी दुकानदारालाच शिकवणारी. गेमचा कॉम्प्युटर बेताच्या पैशांत बसवायचा म्हटल्यावर तिने यादीतून सगळ्यात आधी रंगीत दिवे खोडले, मग काचेचं कॅबिनेट. दिव्यांनी गेम पळत नाही काका, पैसे कार्डात घाला, असं तिने त्याला ऐकवलं होतं. कार्डही वापरलेलं घेतलं, तेसुद्धा स्क्रूवरचे ओरखडे दाखवून, भाव पाडून. अंथरूण पाहून पाय पसरणं तिच्याकडून शिकावं. दुकानदार तिला इंजिनीअरबाई म्हणायचा आणि ती मागेल ते डोळे मिटून द्यायचा. अशी इंजिनीअरबाई लागोपाठ चार वेळा चुकली, म्हणजे घोडं कुठेतरी पेंड खात होतं. पण बापाला ते बघायला वेळ नव्हता.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. एक स्क्रू राहिला म्हणजे काम राहिलं, हे त्याचं पालुपद. तेवढ्यासाठी तो माणसांना दहा मजले पायी चढायला लावायचा. घर एक होतं तेव्हा मायलेकी त्यावरून त्याची टर उडवायच्या. आता घरं दोन झाली होती. लेक आईकडे राहायची आणि बापाच्या वाट्याला रविवार आले होते.

तेही संपत आले होते. त्याला समुद्रापलीकडे तीन वर्षांची नोकरी लागली होती. रुजू व्हायची तारीख त्याने तीनदा पुढे ढकलली. काल कंपनीने शेवटचं कळवलं, गुरुवारी या, नाहीतर येऊ नका. त्याच्या जिवाला आता एकच घोर होता. जाण्याआधी हा कॉम्प्युटर चालू व्हायला हवा. मग तो तिकडून आणि ती इकडून, दोघं रोज संध्याकाळी एकच गेम खेळतील. तेवढ्यावर तो तीन वर्षं काढणार होता.

म्हणून त्याचा तोल गेला. जमत नव्हतं तर आधी सांगायचंस, आयता घेतला असता, असं तो चारचौघांत बोलून बसला. लेक दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. बोलल्याबरोबर बापाला वाईट वाटलं, पण शब्द सुटला होता.

दुकानदाराने यादी पाहायला मागितली. तिची वही काउंटरवरच राहिली होती. बापाने घाईत ती मागच्या बाजूने उघडली.

शेवटच्या पानावर पहिल्या रविवारच्या आदल्या दिवसाची तारीख होती. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं:

१. प्रोसेसर – दुसऱ्या बोर्डाचा.
२. रॅम – जुनी.
३. कार्ड – लांब.
४. पॉवर सप्लाय – वायर नसलेला.
५.

पाचच्या पुढे काही नव्हतं. तिथे इतक्यांदा लिहून खोडलं होतं की कागद झिरझिरीत झाला होता.

बापाला तो दिवस आठवला. फोनवर नोकरीची बातमी ऐकून तिने एवढंच विचारलं होतं, कधी जाणार? तिची समजूत काढायला तो म्हणाला होता, तुझा कॉम्प्युटर जोडून झाल्याशिवाय मी कुठे जातोय? तो बोलला आणि विसरला. तिने तो शब्द धरून ठेवला होता.

त्याला रडू आलं. लिफ्ट कुठे अडते ते आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला चार रविवार आपलं पोर कळलं नव्हतं. दुकानदाराने पान वाचलं, मान खाली घातली आणि गुपचूप फडताळातून वायरवाला पॉवर सप्लाय काढला. तो नजरेनेच विचारत होता, बसवू का? बापाने वही मिटली. गुरुवार काही टळणार नव्हता. शेवटी त्याने मान हलवली.

अर्ध्या तासात सगळं जुळलं. झाकणाचा शेवटचा स्क्रू लावायचा राहिला, तेव्हा बापाने दुकानदाराचा हात धरला. तो स्क्रू स्वतःच्या खिशात टाकला आणि लेकीला आत बोलावलं.

"हे बघ," तो म्हणाला, "एक स्क्रू राहिलाय. तो माझ्याजवळ राहणार. म्हणजे काम झालेलं नाही. म्हणजे मी गेलोच नाही."

लेकीने त्याच्या खिशाकडे पाहिलं. मग कॅबिनेटकडे. पाचव्या आकड्यापुढे लिहायला बापाने तिच्या हातात आयती चूक ठेवली होती.

"एका स्क्रूवाचून अडत नाही, बाबा," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय चालू होतो."

आणि तिनेच बटण दाबलं.