कोरडा रस्ता

पाणी तुंबणारा तो रस्ता इंजिनियरने दरवर्षी डांबराचा थर चढवत चांगला उंच करून घेतला. रस्त्याला लागूनच त्याच्या आईचं घर. ती एकटीच राहायची. मागे एकदा ती फोनवर कुरकुरली होती, "अरे, पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात शिरायचे, आता दोन उतरून शिरते." तो हसला होता, "बरंच की आई, तुझ्या गुडघ्यांचे कष्ट वाचले!"

यंदा पावसाने दोन दिवस शहराला झोडपून काढलं. आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या रस्त्याचं काय?" त्याने लगेच आईकडून खिडकीतला फोटो मागवला. रस्त्यावर पाण्याचं नाव नाही, गाड्या सुसाट चाललेल्या! पडद्यावर फोटो झळकताच टाळ्या पडल्या, आणि उरलेले सगळे रस्तेही असेच उंच करायचं साहेबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बाहेर येऊन त्याने फोन लावला. "आई, फोटो झकास! रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसतोय. कुठून काढलास गं?"

 

"पलंगावर उभी राहून, बाळा. घरात गुडघाभर पाणी आहे, मी अजून पलंगावरच उभी आहे."