मदिनाची किटली

नवापूरच्या नाक्यावर रस्त्याच्या एका बाजूला मदिनाची टपरी, दुसऱ्या बाजूला निर्मलाची. भजी-चहा दोघींकडेही, त्यामुळे बारा वर्षं एकमेकींची गिऱ्हाइकं ओढण्यात गेली. यंदा गॅस महागला, तेल त्याहून महागलं आणि सुरतेकडे जाणारे ट्रक थांबेनासे झाले, तेव्हा निर्मलाच रस्ता ओलांडून आली. "एकच शेगडी पेटू दे, नही ते दोन्ही टपऱ्या बंद पडतीन," म्हणाली. आज मदिनाच्या टपरीत पहिला दिवस. भजी मदिनाची, चहा निर्मलाचा. पण गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून तो ओतला मदिनाच्या पोचे पडलेल्या किटलीत. निर्मला पडद्याआड आलं ठेचत बसली. तेवढ्यात भाजीचा टेम्पो लावून चिंधा आला. समोरच्या टपरीचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं बारा वर्षं सांगणारा हा गडी. मदिनाने किटली वाकवून त्याचा ग्लास भरला. चिंधाने घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला. "मदिनाभाभी, आजना चहा फक्कड शे. त्या समोरवालीले जनमभर असा चहा जमाव नही." पडद्याआडचा बत्ता थांबला. आता ही भांडणार, मदिनाला वाटलं. निर्मला पदराला हात पुसत बाहेर आली आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या टपरीकडे बोट करून शांतपणे म्हणाली, "बराबर शे भाऊ. तठे मले असा कधी जमनाच नही." चिंधाचा ग्लास ओठांशीच अडला. त्याने किटलीकडे पाहिलं, मदिनाकडे पाहिलं, मग ग्लास निर्मलापुढे धरला. "आखो अर्धा टाक, बहीन."