दोन बोटांएवढी जागा

एकाहत्तरच्या लढाईतली गस्तीनौका स्मारकासाठी दुसरबीडला आणली, तेव्हा डागडुजीचं काम जब्बारनं हट्टानं मागून घेतलं. बाप त्याच्या जन्माआधीच या नौकेवर मारला गेला होता. देह समुद्रातच राहिला. ट्रकांचं डेंटिंग-पेंटिंग करण्यात जब्बारचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. महिनाभर खपून त्यानं नौका नवीकोरी केली आणि आईला दाखवायला आणलं. चांदबी पत्र्यावरून हात फिरवत राहिली. "काय शोधून राह्यली, अम्मी?" "तुले सांगतलं नव्हतं. तुह्या अब्बाले लागलेली गोळी या पत्र्यातून आली. त्यांचा दोस्त म्हणे, दोन बोटं जातील एवढं भोक हाये. कबर तर नाही. म्हटलं, तिथंच फूल खोवावं." तिच्या मुठीत गुलाब होता. जब्बारनं सतरा भोकं बुजवली होती. तोही पत्रा चाचपू लागला. काम इतकं सफाईदार होतं, की त्यालाच एकही जागा सापडेना.