वरून की समोरून?

आमच्या दुकानात त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी आली. एक रिटायर्ड बसड्रायव्हर काका आणि एक रिटायर्ड शाळेच्या बाई. दोघंही एकटी राहणारी, ओळख ना पाळख, आणि दोघांनाही वॉशिंग मशीन हवं होतं.

“मला वरून कपडे टाकायचं दाखवा,” काका मला म्हणाले. “या वयात कोण वाकणार? आणि एखादा मोजा राहिला तर मध्येच झाकण उघडून टाकता येतो.”

“अहो, त्यात कपड्यांची पार दोरी होते!” बाईंना राहवलं नाही. “समोर दार असलेलं घ्या. पाणी कमी लागतं, कपडे टिकतात. वाकवत नसेल तर पुढ्यात स्टूल टाकून बसा.”

“स्टुलावर? मी काय मशीनची शिकवणी घेणार आहे?”

बाईंना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवशी दोघंही काहीच न घेता गेली. पुढच्या शनिवारी परत आली आणि वाद पुन्हा सुरू. मग दर शनिवारी तेच. विक्रीची आशा सोडून मी दोन खुर्च्या मांडून ठेवू लागलो.

काल मात्र दोघं बरोबरच आली. बाईंची पिशवी काकांच्या हातात होती.

“आज मशीन घ्यायचंच,” काका म्हणाले.

“सुटलो!” मी म्हणालो. “मग कोण जिंकलं? वरून की समोरून?”

“ते भांडत बसू निवांत,” बाई लाजून म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.



“तुम्ही आधी एवढं सांगा, दोघांच्या कपड्यांना किती किलोचं लागेल?”