खात्रीचा नमुना

तिसऱ्या वेळी आकडा आणखीच चुकला, तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पांढऱ्या पेशी शहाऐंशी हजार. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. हे समजायला शिक्षण लागत नाही, बाहेरच्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे.

बाई या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दर काही महिन्यांनी रोजच्या नळ्यांमध्ये त्या एक नळी खोट्या नावानं गुपचूप सोडत, जिचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे. तपासणारा कुठे घसरतो ते अशानं लगेच कळतं. या खेपेला त्यांनी एका ठणठणीत माणसाचं रक्त निवडलं होतं. त्या तब्येतीची हमी बाई डोळे मिटून देऊ शकत होत्या.

घसरला होता तो ‘पुन्हापुन्हा’ नावाचा तंत्रज्ञ. हे त्याचं खरं नाव नव्हे. प्रत्येक तपासणी तो दोनदा करायचा आणि कुलूप लावून चार पावलं गेला की मागे येऊन ओढून बघायचा, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

दीड महिन्यापूर्वी त्यानं एकाहत्तर हजार लिहून आणले, तेव्हा बाईंनी मनाशी म्हटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्याच नावानं पुन्हा रक्त सोडलं. एकोणऐंशी. यंत्र धुतलं नसेल, असं म्हणावं तर त्या दिवशीचे बाकीचे सगळे आकडे चोख होते. आणि आज शहाऐंशी. माणूस एकदा चुकला की मागचं खरं ठरवायला चुकीवर चूक रचत जातो, हे बाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं.

मूर्खपणाला औषध नाही. उपाशीपोटी या म्हणावं, तर लोक चहा-बिस्किटं घेऊन येतात आणि वर विचारतात, जेवलोय कुठे? साखर तपासायची म्हटली की तीन दिवस आधी गोड सोडतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकंपट्टी करावी तसं. स्वतःच्याच रक्ताला फसवायला निघालेली माणसं. आणि हे फक्त प्रयोगशाळेतच होतं असं नाही. या इमारतीचा जिना बांधणाऱ्यानं असा काही उभा बांधला होता, की हल्ली बाईंना दोनदा थांबावं लागे. शिंप्याकडे जुनंच माप होतं, तरी नवे कपडे खांद्यावरून घसरत होते. त्याला टेप धरता येत नाही, असं बाई त्याला तोंडावर बोलून आल्या. नवरा डबा असा ठासून भरायचा, की दोन घासांत पोट तट्ट व्हायचं. डबा अर्धा परत आला की तोच कुरकुरायचा.

बाईंनी बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि पुन्हापुन्हाला बोलावलं.

तो आत आला तो विचारतच. "बाई, या पेशंटला कुणी कळवलंय का?"

"ते माझं मी बघते. आकडा नीट तपासलास?"

"दोनदा."

"दोनदा केली की चूक बरोबर होते का रे?"

हातातली काचपट्टी त्यानं हळूच टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "कच्च्या पेशी आहेत. खूप आहेत. रक्ताचा कॅन्सरच वाटतोय. तुम्ही एकदा डोळा लावून बघा ना."

बाईंनी बघितलं नाही. नळीत काय आहे ते पक्कं ठाऊक असताना काचेत काय बघायचं?

तरी तो हटेना. नोंदवहीतला फोन आधीच लावून पाहिला होता, म्हणाला, लागत नाही. पत्त्यावरही जाऊन आला होता, तिथे तसं कुणी राहतच नाही.

"निकालाची भीती वाटते म्हणून काहीजण खोटं नाव देतात, बाई. पण नुकसान त्यांचंच ना? दीड महिना गेला."

"त्या माणसाची काळजी सोड," बाई म्हणाल्या. "स्वतःची कर."

तो गेला. त्याच्या पगारावर घरी दोन म्हातारी माणसं आणि शिकणारी बहीण होती, हे बाईंना माहीत होतं. त्या काही दगडाच्या नव्हत्या. पण आज हा निरोग्याला आजारी ठरवतोय, उद्या आजाऱ्याला निरोगी ठरवील आणि कुणाचा तरी जीव जाईल. त्याला कामावरून काढल्याचं पत्र लिहून तयार होतं. आकड्यासाठी तेवढी एक जागा मोकळी होती. अन्याय नको म्हणून सकाळच्या नळीतलं अर्धं रक्त बाईंनी वर्गमैत्रिणीच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, पुन्हापुन्हाचा आकडाही तिला कळवला होता. तिचा आकडा आला, की सही.

चारच्या सुमाराला मैत्रिणीचा फोन आला. बाईंनी पेन उघडलं.

"बोल गं. नुसता आकडा सांग, पत्रात घालायचाय."

"शहाऐंशी हजार दोनशे."

बाईंचं पेन पत्रातल्या मोकळ्या जागेवर थांबलं.

"तुमच्या पोराचं कौतुक कर बाई, बरोबर पकडलंय त्यानं. काच मी स्वतः पाहिली." मैत्रिणीचा आवाज खाली आला. "कुणाचं रक्त आहे हे? जिना चढताना धाप लागते का? जेवण जातंय? आजच्या आज बोलावून घे त्या पेशंटला. ऐकतेयस ना?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बाही वर सरकवली. सकाळी त्यांनी स्वतःच चिकटवलेला कापसाचा बोळा कोपराच्या खळगीत अजून तसाच होता.